फितूर झालेला गंध

संत्रे सोलले की खोलीभर जो सुगंध पसरतो, तो माणसाच्या लेखी फळाच्या ताजेपणाची खूण असतो. झाडाच्या लेखी मात्र गंध म्हणजे अलंकार नव्हे, ती त्याची भाषा आहे. या भाषेत ते परागीभवनासाठी मधमाशीला बोलावते, पाने कुरतडली गेली की शेजारच्या फांद्यांना सावध करते आणि किडीच्या शत्रूंना साद घालते. अडचण अशी, की ही साद कोणाच्या कानी पडावी यावर झाडाचा ताबा नसतो. मित्रासाठी सोडलेला संदेश शत्रूही वाचतो. लिंबूवर्गीय फळझाडांच्या बाबतीत गंधाची ही फितुरी गेल्या दोन दशकांत इतकी महाग पडली आहे, की अमेरिकेतील फ्लोरिडासारख्या राज्यातला एक संपूर्ण उद्योग तिच्यामुळे आणि तिच्या जोडीला आलेल्या संकटांमुळे मोडकळीस आला. संत्रा आणि मोसंबी यांवर ज्या प्रदेशांचे अर्थकारण उभे आहे, त्या विदर्भ-मराठवाड्याला या घडामोडींकडे दूरदेशीची बातमी म्हणून पाहता येणार नाही.

या कथेतला मुख्य कीटक जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा आहे. शास्त्रीय नाव डायाफोरिना सिट्री; विदर्भातले बागायतदार त्याला सिट्रस सायला किंवा नुसते सायला म्हणून ओळखतात. तपकिरी ठिपक्यांच्या पंखांचा हा कीटक पानावर बसताना डोके खाली आणि शेपटीकडचा भाग वर असा तिरका बसतो, त्यामुळे जाणत्या नजरेला तो चटकन ओळखू येतो. १९०८ मध्ये तैवानमधील नमुन्यांवरून कुवायामा या जपानी कीटकशास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मादी फक्त कोवळ्या नवतीवर अंडी घालते आणि पिल्ले त्या कोवळ्या कोंबांतूनच रस शोषतात. रसशोषणामुळे होणारे नुकसान एकवेळ सोसता येते. खरा धोका आहे तो हा कीटक सोबत वाहून नेत असलेल्या जिवाणूचा.

कँडिडेटस लिबरिबॅक्टर एशियाटिकस असे लांबलचक नाव असलेला हा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत वाढतो. त्यापासून होणाऱ्या रोगाला भारतात ग्रीनिंग म्हणतात. चीनमध्ये त्याचे नाव हुआंगलोंगबिंग, म्हणजे पिवळ्या कोंबाचा रोग. १९९५ पासून जगभर हेच चिनी नाव शास्त्रीय व्यवहारात रूढ झाले आहे. रोगट झाडाच्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकसारखे नसलेले पिवळट-हिरवे पट्टे दिसतात. फळे लहान आणि एका बाजूला कलती राहतात, बुडाकडून हिरवीच राहतात, रस कडवट होतो आणि फळगळ वाढते. रोग बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. त्याहून वाईट म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेक महिने, कधी कधी वर्षे लोटतात. झाड वरून निरोगी दिसत असताना शेजारच्या झाडांसाठी रोगाचा झरा बनलेले असते.

आजाराचे आमंत्रण

झाड आजारी आहे हे बागायतदाराला कळण्याआधी सायलाला कसे कळते, हा प्रश्न फ्लोरिडातील लेक आल्फ्रेड येथील संशोधकांनी हाती घेतला. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्रातील राजिंदर मान, लुकाश स्टेलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले, आणि ते चक्रावून टाकणारे होते. रोगट आणि निरोगी झाडांचा गंध समोर ठेवला असता सायला रोगट झाडाच्या गंधाकडे अधिक संख्येने गेले. पूर्ण अंधारातही निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे पानांचा पिवळेपणा पाहून कीटक भुलत होते, असे म्हणायला जागा उरली नाही. कीटकाच्या अंगात जिवाणू आधीपासून आहे की नाही, यानेही त्याच्या निवडीत फरक पडला नाही.

दोन्ही झाडांभोवतीच्या हवेचे पृथक्करण केल्यावर फरक स्पष्ट झाला. रोगट झाडाकडून मिथाइल सॅलिसिलेट हा पदार्थ जास्त प्रमाणात बाहेर पडत होता. संत्र्याच्या सालीला तिचा परिचित वास देणारे लिमोनीन आणि मिथाइल अँथ्रानिलेट हे पदार्थ मात्र कमी झाले होते. मिथाइल सॅलिसिलेटचा वास शहरी वाचकाला अपरिचित नाही. दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या अनेक मलमांना जो उग्र दर्प येतो, तो याच पदार्थाचा. वनस्पतींच्या जगात तो संकटाचा इशारा असतो. जिवाणूचा हल्ला झाला की झाडाच्या पेशींत सॅलिसिलिक आम्लाची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि तिचा एक भाग वायुरूपात हवेत मिसळतो. सायलाने रस शोषायला सुरुवात केली तरीही झाड हाच पदार्थ सोडते. त्यामुळे सायलाला हा गंध आला, की त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘येथे आपले भाऊबंद जेवत आहेत’ असा होत असावा, अशी संशोधकांची मांडणी आहे. झाडाने आक्रोश करावा आणि चोरांनी ते जेवणाचे आवतण समजावे, असा हा प्रकार आहे.

पुढचा टप्पा याहून सूक्ष्म आहे. गंधाला भुलून रोगट झाडावर उतरलेले कीटक तेथे टिकत नाहीत. काही काळ रस शोषल्यावर ते निघतात आणि निरोगी झाडावर मुक्काम ठोकतात. रोगट झाडात नत्र, स्फुरद, गंधक, जस्त आणि लोह यांचे प्रमाण घटलेले आढळले. वास जितका आकर्षक, तितके अन्न सकस नाही. जिवाणूच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची व्यवस्था दुसरी नसेल. कीटक आधी रोग्याच्या दारी येतो, संसर्ग उचलतो आणि मग निरोग्याच्या घरी राहायला जातो. याच गटाच्या नंतरच्या अभ्यासांत, जिवाणू वाहणाऱ्या सायलाची उडून दूर जाण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, असेही दिसून आले. यात जिवाणूने काही कट रचला असे मानण्याचे कारण नाही. ज्या जिवाणूंच्या संसर्गाने झाडाचा गंध असा बदलला, ते अधिक पसरले आणि टिकले, इतकाच याचा अर्थ. हे निष्कर्ष प्रामुख्याने प्रयोगशाळेतील आहेत आणि उघड्या बागेत वारा, ऊन, नवतीचा रंग असे अनेक घटक त्यांत मिसळतात, हेही विसरून चालणार नाही.

फ्लोरिडाचा धडा

फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये प्रथम आढळला. तेव्हा रोग आलेला नव्हता, म्हणून चिंता बेताची होती. २००५ मध्ये राज्याच्या दक्षिण भागात हुआंगलोंगबिंगची नोंद झाली, तोवर कीटक राज्यभर पसरला होता. म्हणजे वाहन आधी पोहोचले आणि माल नंतर आला. पुढचा हिशेब आकडेच सांगतात. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडाने सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या संत्री पिकवली होती. एका पेटीत सुमारे ४१ किलो फळ मावते. २०२४-२५ च्या हंगामात हा आकडा सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांवर आला. २०१७ चे इर्मा, २०२२ चे इयान आणि २०२४ चे मिल्टन या चक्रीवादळांचा त्यात वाटा आहेच, पण वादळातून सावरण्याची ताकद बागांत उरली नव्हती, त्याचे कारण हा रोग. राज्यातील सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या अलिको कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये लिंबूवर्गीय उत्पादनातून अंग काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला.

ब्राझीलची स्थिती वेगळी असली तरी निर्धास्त नाही. साओ पाउलो राज्यात २००४ मध्ये रोग आढळल्यावर तेथील मोठ्या बागायतदारांनी रोगट झाडे उपटणे, कीटकनियंत्रण आणि जाळीबंद रोपवाटिका या तीन मार्गांवर शिस्तीने काम केले. तरीही फुंदेसित्रुस या संस्थेच्या पाहणीनुसार तेथील मुख्य संत्रापट्ट्यातील रोगट झाडांचे प्रमाण २०२३ मध्ये सुमारे ३८ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ४४ टक्के होते. एकाच कीटकनाशकाच्या वारंवार फवारणीने सायलामध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते, हा अनुभव फ्लोरिडातही आला आहे. फ्लोरिडातील बागायतदार २०२२ च्या अखेरीपासून झाडाच्या खोडात ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने देऊ लागले. त्याने झाडाला उभारी मिळते, पण रोग जात नाही. अशा वेळी शत्रू ज्या वाटेने येतो ती गंधाची वाटच रोखता येईल का, या प्रश्नाला केवळ शैक्षणिक महत्त्व उरत नाही.

गंधाचेच शस्त्र

गंधाने किडीला हरवता येते, याचा दाखला इतिहासात आहे आणि त्याचे मूळ भारतात आहे. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ आणि १९१५ मध्ये दाखवून दिले, की विशिष्ट वनस्पतिजन्य तेलांतील घटकांकडे फळमाशीचे नर झुंडीने येतात. त्यांतील मिथाइल युजेनॉल हा तुळशीतही आढळणारा पदार्थ पुढे फळमाशीविरुद्धचे सर्वांत प्रभावी अस्त्र ठरला. प्रशांत महासागरातील रोटा बेटावरून १९६० च्या दशकात केवळ या गंधाला कीटकनाशकाची जोड देऊन पौर्वात्य फळमाशीचे निर्मूलन करण्यात आले. आज महाराष्ट्रातील आंब्याच्या आणि पेरूच्या बागांत टांगलेले सापळे ही त्याच शोधाची संतती होय.

सायलाच्या बाबतीत मात्र असे अमोघ आमिष अद्याप हाती आलेले नाही. त्याच्या शृंगिकांवरील गंध टिपणाऱ्या संवेदिका मोजक्या आहेत. तो गंधाइतकाच, किंबहुना अनेकदा अधिक, रंगावर आणि प्रकाशावर विसंबून झाड शोधतो. म्हणूनच बागेतील त्याच्या पाहणीसाठी अजूनही पिवळे चिकट सापळे वापरले जातात. त्यामुळे संशोधकांचे लक्ष आकर्षणाकडून विकर्षणाकडे, म्हणजे गंधाने कीटकाला दूर ठेवण्याकडे वळले आहे.

याची प्रेरणा व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातून आली. तेथील शेतकरी संत्र्याच्या झाडांमध्ये पेरू लावत आणि अशा बागांत सायला तसेच रोग कमी दिसे. शोध घेतल्यावर पेरूच्या चुरगळलेल्या पानांतून डायमिथाइल डायसल्फाइड हा उग्र गंधकयुक्त पदार्थ बाहेर पडतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संत्र्याच्या पानांत तो आढळत नाही. प्रयोगशाळेत या वासाने सायला दूर राहिला. पण फ्लोरिडातील बागांत पेरूच्या आंतरपिकाला व्हिएतनामइतके यश लाभले नाही. हवेत झपाट्याने विरून जाणारा वास बागेत दिवसेंदिवस टिकवायचा कसा, ही अडचण सुटलेली नाही. ब्राझील आणि स्पेनमधील संशोधकांनी दुसरी वाट धरली. पेरूच्या गंधातील बीटा-कॅरिओफायलीन हा घटक सायलाला नकोसा असतो. तो तयार करणारे जनुक त्यांनी संत्र्याच्या झाडात घातले, आणि अशा झाडाचे सायलाला आकर्षण राहत नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. असे झाड शेतकऱ्याच्या बांधावर येण्याआधी मात्र जनुकीय पिकांविषयीच्या सर्व वैज्ञानिक आणि सामाजिक कसोट्यांतून त्याला जावे लागेल.

फितूर गंधाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मिथाइल सॅलिसिलेटची हाक सायलाप्रमाणेच त्याच्या वैऱ्यालाही ऐकू येते. टॅमारिक्सिया रेडिएटा ही अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी सायलाच्या पिल्लांवर अंडी घालते आणि तिची अळी पिल्लाला आतून-बाहेरून संपवते. ही गांधीलमाशी मिथाइल सॅलिसिलेटकडे ओढली जाते आणि रोगट झाडांवरील सायलाच्या पिल्लांना अधिक प्रमाणात गाठते, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे झाडाची हाक अगदीच वाया जात नाही. तिला प्रतिसाद देणारा मित्र बागेत जिवंत असला पाहिजे, इतकेच. या गांधीलमाशीचे पहिले वर्णन १९२२ मध्ये अविभाजित पंजाबातील नमुन्यांवरून झाले होते, आणि कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये आपल्या बागांसाठी ती पाकिस्तानातील पंजाबमधूनच नेली. भारतीय उपखंडात जी फौज निसर्गाने आयती दिली आहे, ती परदेशांना आयात करावी लागते. सरसकट कडक कीटकनाशके फवारून ही फौज आपल्याच हातांनी संपवणे हा आत्मघात ठरेल.

परसातले आणि कुंपणातले यजमान

हा प्रश्न केवळ बागायतदारांचा आहे, असे शहरातील वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण सायलाला संत्रा आणि लिंबू यांच्याइतकीच, किंबहुना अधिकच, आवडणारी वनस्पती म्हणजे कुंती. पांढऱ्या सुवासिक फुलांची ही कुंती अनेक शहरांत गृहसंकुलांच्या आणि उद्यानांच्या कुंपणाला लावलेली दिसते. वारंवार छाटणी होत असल्याने तिला सतत नवती फुटते, आणि नवती म्हणजे सायलाचे सूतिकागृह. कढीपत्त्यावरही हा कीटक अंडी घालतो आणि वाढतो. त्याच कारणाने ताजा कढीपत्ता बाहेरून अमेरिकेत नेण्यास तेथे मनाई आहे. विमानतळावर सामानातून काढून घेतल्या जाणाऱ्या त्या चार काड्यांमागे फ्लोरिडाचा हा सारा अनुभव उभा असतो, हे तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ध्यानात घ्यायला हवे. कॅलिफोर्नियातील पहिले रोगट झाड २०१२ मध्ये सापडले, तेही एखाद्या मोठ्या बागेत नव्हे, तर लॉस एंजेलिस परिसरातील एका घराच्या परसात.

गंमत अशी, की कढीपत्त्यावर सायला पोसला जात असला तरी जिवाणूला तेथे थारा मिळत नाही. त्यामुळे बागेच्या कडेला कढीपत्ता लावून कीटकाला तेथेच अडवायचे आणि मारायचे, असा सापळा-पिकाचा विचार ब्राझीलमधील संशोधकांनी पुढे आणला. सायला बाहेरून येताना बागेच्या कडेच्या ओळींत आधी जमतो, या निरीक्षणाशी तो सुसंगत आहे. मात्र कढीपत्त्यावरील कीड वेळेवर मारली नाही, तर सापळ्याचे रूपांतर कीटकांच्या रोपवाटिकेत होईल, हेही तितकेच खरे.

विदर्भासमोरचा प्रश्न

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. सायला हाच भारतात ग्रीनिंगचा वाहक आहे, हे १९६७ मध्ये दाखवून देणारे कपूर, राव आणि विश्वनाथ हे संशोधक पुण्यात काम करत होते. नागपुरात १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. तेच आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्ञान आहे, संस्था आहे, फळाला नाव आहे. उणीव आहे ती हे सारे बांधापर्यंत एकत्रितपणे पोहोचवणाऱ्या व्यवस्थेची.

‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून गौरवल्या जाणाऱ्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात आणि काटोल-नरखेडच्या परिसरात बागांचा ऱ्हास हा नेहमीचा विषय आहे. त्यामागे मुळकूज व डिंक्या, ट्रिस्टेझा विषाणू, खालावलेले भूजल, अन्नद्रव्यांची कमतरता अशी अनेक कारणे आहेत आणि सारा दोष ग्रीनिंगवर टाकणे अन्यायाचे होईल. पण येथेच खरी मेख आहे. ग्रीनिंगचा पिवळेपणा आणि जस्ताच्या कमतरतेचा पिवळेपणा वरवर सारखा दिसतो. जस्ताच्या कमतरतेत पानाच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात, ग्रीनिंगमध्ये विषम. पण खात्रीचे निदान जनुकीय चाचणीनेच होते. चाचणी झाली नाही, की शेतकरी वर्षानुवर्षे सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्या विकत घेत राहतो आणि रोगट झाड हवेत आपले फसवे आमंत्रण सोडत राहते.

बहार धरण्याची आपली पद्धतही येथे विचारात घ्यावी लागते. आंबिया किंवा मृग बहारासाठी झाडांना ताण देऊन तो तोडला, की सारी बाग एकाच वेळी नवतीवर येते. सायलाच्या दृष्टीने ती मेजवानी असते. पण बागायतदाराच्या दृष्टीने ती संधीही आहे. कीड नेमकी केव्हा आणि कोठे येणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. वर्षभर आठवड्यामागून आठवडे फवारणी करण्याऐवजी नवती फुटतानाच्या त्या मोजक्या दिवसांवर लक्ष केंद्रित केले, तर खर्चही वाचतो आणि मित्रकीटकही. नत्राचा अतिरेक टाळला, तर नवतीचा काळ अकारण लांबत नाही.

मात्र गंधाला सातबाऱ्याची हद्द कळत नाही. एका शेतकऱ्याने कितीही काळजी घेतली आणि शेजारची बाग सोडून दिलेली असली, तर तेथील सायला काही दिवसांतच इकडे येणार. फ्लोरिडाने आणि ब्राझीलने दिलेला सर्वांत मोठा धडा हाच आहे, की ही लढाई बागेगणिक लढता येत नाही. ती गावाने किंवा पाणलोटाने एकत्र लढावी लागते. नवतीच्या काळात शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात फवारणी करणे, सोडून दिलेल्या बागांतील रोगट झाडे काढण्यासाठी शेतकऱ्याला भरपाई देणे आणि शेंदूरजनाघाटसारख्या कलमांच्या केंद्रांतून निघणाऱ्या रोपांची चाचणी बंधनकारक करणे, ही तीन कामे कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट न पाहता सुरू होऊ शकतात. कलमासाठी घेतलेला डोळाच रोगट असेल, तर कीटकाच्या येण्याची गरजही उरत नाही. शेतकरी स्वतःच पैसे मोजून रोग बागेत आणतो.

संत्र्याचे झाड उत्पन्न देऊ लागेपर्यंत शेतकऱ्याची पाच-सहा वर्षे गेलेली असतात. हंगामी पिकाप्रमाणे ते पुढच्या वर्षी बदलता येत नाही. म्हणूनच बाग उपटण्याचा निर्णय शेतकरी अगदी शेवटी घेतो, आणि नेमका तोच विलंब रोगाच्या पथ्यावर पडतो. हा विलंब कमी करायचा, तर निदान स्वस्त आणि जवळ असले पाहिजे, आणि झाड उपटणाऱ्याला पुढची पाच वर्षे तग धरता येईल असा आधार मिळाला पाहिजे. सायलाला आजारी झाड वासावरून कळते. बागायतदाराला ते चाचणीच्या कागदावरूनच कळणार आहे, आणि तो कागद त्याच्या हाती वेळेत देण्याचे काम शासनाचे आहे.